टेकडीखालचा पब आणि दारूबंदीवाले बाबा

बाबा लंडनला आले ते मुख्यतः एक घर बघायला. लेक, जावई, नातू हे सगळं त्यांच्या लेखी जोडीला. व्हिसा हातात पडला तेव्हापासून त्यांना एकच पत्ता पाठ होता: 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना बाबासाहेब या घरात भाड्यानं राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. मग काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली, कॅम्डन कौन्सिलनं संग्रहालयाला परवानगी नाकारली, प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि 2020 मध्ये एकदाची परवानगी मिळाली. ही हकीकत मला बाबांनीच चंद्रपुरातून फोनवर सांगितलेली. मी त्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर राहते, तरी.

घरात आम्ही बराच वेळ होतो. दाराशी बाबांनी बूट काढले. तिथल्या माणसानं "राहू द्या" म्हटलं तरी काढले आणि मोज्यांवरच सगळ्या खोल्या फिरले. बाबासाहेब दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचे, रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे, मग पुन्हा अभ्यास, हे आमच्या घरात लहानपणापासून इतक्या वेळा सांगितलं गेलंय की ताटात काही टाकलं की पापडच आठवतो. बाहेर आल्यावर बाबांनी फोटो काढले: पाटीचा, पायरीचा, समोरच्या फुटपाथचा. फुटपाथचा कशाला म्हटलं, तर म्हणाले, "याच्यावरूनच गेले असतील नं."

आज हा भाग लंडनच्या महागड्या वस्त्यांपैकी एक. नट-नट्या राहतात, पाववाल्याकडं रांग असते. तेव्हा असं नव्हतं. युस्टनकडं जाणारी रेल्वे इथूनच जाते. वाफेच्या इंजिनांचा धूर आणि काजळी घराघरात शिरायची आणि मोठमोठ्या घरांच्या खोल्या पाडून भाडेकरूंना दिल्या जायच्या. चॉक फार्मचं राउंडहाउस, जिथं आता गाण्याचे कार्यक्रम होतात, ते मुळात 1847 च्या सुमाराचं इंजिन-शेड. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात आयुष्य गेलेल्या माझ्या वडिलांना कोळशाच्या काजळीचं काही कौतुक सांगावं लागलं नाही.

आता बाबांबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचे आजोबा 16 ऑक्टोबर 1956 ला चांद्याच्या दीक्षाभूमीवर हजर होते. बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी तिथं दीक्षा दिली. त्या दिवशी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये एक आहे, मी दारू पिणार नाही. आजोबांनी पाळली, बाबांनी पाळली. पण बाबा नुसते न पिणारे नव्हेत. पगाराच्या दिवशी केंद्राच्या गेटबाहेर बायका नवऱ्याची वाट बघत उभ्या असायच्या, पैसे भट्टीकडं वळायच्या आत हातात यावेत म्हणून. ते दृश्य त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं आणि जिल्हा दारूबंदीच्या चळवळीत उतरले. 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बायकांचा पायी मोर्चा निघाला, त्यात पाणी आणि औषधं पुरवणाऱ्या पोरांमध्ये हे साठीकडं झुकलेले गृहस्थ होते. 2015 च्या एप्रिलपासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी लागू झाली. 2021 मध्ये सरकारनं ती उठवली. तेव्हा आठवडाभर फोनवर ते फक्त "हं" म्हणत होते.

अशा माणसाला घेऊन पबमध्ये जायचं माझ्या मनातही नव्हतं.

झालं असं की घर बघून आम्ही प्रिमरोझ हिलवर चढलो. टेकडी म्हणायची ती नावापुरती, पासष्ट मीटरच्या आतबाहेर उंची. पण वरून सगळं लंडन पुढ्यात मांडलेलं दिसतं. सेंट पॉल्सचा घुमट, शार्ड, तो जुना टेलिफोनचा मनोरा. मध्ये उंच इमारती उठून हे दृश्य झाकलं जाऊ नये म्हणून बांधकामाला नियम आहेत. 1842 मध्ये कायदा करून ही जमीन लोकांसाठी मोकळी ठेवली, नाहीतर इथंही घरं उठली असती. रविवार होता. पतंग, कुत्री, मुलं, सगळं होतं आणि वारा असा की बाबांची कानटोपी दोनदा उडाली. खाली उतरेपर्यंत त्यांना तीन गोष्टी हव्या झाल्या: चहा, बसायला जागा आणि बहात्तराव्या वर्षी जी सोय जवळ लागते ती. रीजंट्स पार्क रोडवरच्या एकूण एक कॅफेत बाबागाड्या अडकलेल्या. मागच्या गल्लीत, कोपऱ्यावर, माझा नेहमीचा पब होता.

"माझा नेहमीचा" हे मी आत्ता बिनदिक्कत लिहितेय. बाबांना ते माहीत नव्हतं.

पबचं नाव देत नाही. छोटा आहे, तिथल्या लोकांना तो छोटाच राहिलेला आवडतो. आसपास नावाजलेले पब पुष्कळ आहेत. त्यातल्या चारांची तर एक गोष्टच सांगतात: एडिनबरो कॅसल, विंडसर कॅसल, डब्लिन कॅसल आणि पेम्ब्रोक कॅसल. रेल्वे बांधायला आलेले स्कॉटिश, इंग्लिश, आयरिश आणि वेल्श मजूर एकत्र प्यायला बसले की डोकी फुटायची, म्हणून प्रत्येकाला वेगळा किल्ला दिला म्हणे. खरं-खोटं कोण जाणे, मला ती गोष्ट बेतलेली वाटते. पण कॅम्डनमध्ये ती प्रत्येक जण आपणच शोधून काढल्यासारखी सांगतो.

मी इंग्लंडमध्ये आले तेव्हा माझ्या डोक्यात दारू प्यायची जागा म्हणजे आपली परमिट रूम. काळ्या काचा, आत निळा-लाल दिवा, बाहेर लावलेल्या मोटरसायकली आणि "कोणी बघितलं तर" ही भीती. इथं ऑफिसातल्या मैत्रिणीनं पहिल्यांदा पबमध्ये नेलं तेव्हा आत एक बाई बाळाला दूध पाजत बसली होती आणि दोन म्हातारे वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. मला आधी वाटलं, आपण चुकीच्या दारानं आलो.

मैत्रिणीनं त्या संध्याकाळी मला जे शिकवलं ते मी आजही नव्यानं आलेल्या मराठी पोरापोरींना शिकवते. टेबलाशी जाऊन बसलात आणि वेटरची वाट बघत राहिलात, तर बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसून राहाल. कोणी येत नाही. उठून काउंटरला जायचं. तिथं रांग नसते, लोक काउंटरच्या लांबीला लागून उभे राहतात आणि तरीही प्रत्येकाला ठाऊक असतं की आपल्या आधी कोण आलंय. गल्ल्यावरच्याला ते ठाऊक असतंच. हाक मारायची नाही, नोट हलवायची नाही, टिचक्या तर मुळीच वाजवायच्या नाहीत. फक्त नजर द्यायची. आपल्याला विचारलं आणि आपल्या आधीचा कोणी बाजूला उभा असला, तर "यांचं आधी" म्हणायचं. हे जो म्हणतो त्याला त्या पबमध्ये पुढं काही कमी पडत नाही. कोविडनंतर काही ठिकाणी लोक शाळेतल्यासारखे एकामागे एक उभे राहू लागले होते. जुन्या गिऱ्हाइकांना त्याचा इतका संताप की विचारू नका.

पैसे लगेच द्यायचे. चौघं गेलात तर प्रत्येकानं आपापलं आणायचं नाही, एकानं चौघांचं आणायचं, मग दुसऱ्यानं. याला राउंड म्हणतात. आपली पाळी आली की नेमका फोन येणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. टीप ठेवायची पद्धत नाही. फारच खूश असलात तर गल्ल्यावरच्याला म्हणायचं, एक तुझ्यासाठीही घे. टेबलावर ग्लास ठेवून थोडा वेळ बाहेर जायचं असेल तर त्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची, म्हणजे ग्लास उचलला जात नाही. आणि वेफर्सचं पाकीट आणलं तर ते तोंडाशी फोडून एकट्यानं हात घालत बसायचं नाही. मागची शिवण नखानं उभी उकलायची, दोन्ही टोकं फाडायची, पाकीट टेबलावर सपाट पसरायचं. चंदेरी बाजू वर येते आणि सगळ्यांना मधून खाता येतं. हे करताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि त्या क्षणी मला ही जागा आवडायला लागली.

बिअर मला त्यानंतर खूप उशिरा आवडायला लागली. तीही इथली जुन्या पद्धतीची, पिंपातली. ही बिअर पिंपातसुद्धा आंबत असते, तिच्यात बाहेरून गॅस भरलेला नसतो. तळघरात ती बारा अंशांच्या आसपास ठेवतात आणि काउंटरवरचा लांब लाकडी दांडा ओढून हातानं उपसतात. एकदा पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं. आपल्याकडच्या मंडळींना ती कोमट वाटते आणि "हे काय, फ्रीज नाही का यांच्याकडं" असं प्रत्येक पाहुणा एकदा तरी म्हणतो. पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर. मी त्याचा अर्धा घेते, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि तो अर्धा तासभर पुरवते. साधारण तेवढीच माझी मजल. पण मजल कितीही छोटी असली तरी चंद्रपुरात ती सांगितलेली नव्हती.

तर आम्ही दारापाशी आलो आणि बाबा थबकले. मला वाटलं आत यायला नकार देणार. पण ते दारांकडं बघत होते. या पबला दोन दारं आहेत, एकमेकांपासून चारच पावलांवर. एकाच्या काचेवर कोरलंय "पब्लिक बार", दुसऱ्यावर "सलून". काच दुधी, भोवती वेलबुट्टी.

"दोन काहून?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. एकातून कष्टकरी जायचे, तिथं नुसती लाकडी जमीन आणि बाकं. दुसऱ्यातून साहेबलोक, तिकडं गालिचा, गादीच्या खुर्च्या आणि तीच बिअर थोडी महाग. मध्ये भिंत. काही ठिकाणी तर काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला काचेच्या फिरत्या झडपा असायच्या, म्हणजे पलीकडच्या बाजूचं तोंड दिसू नये. 1960-70 नंतर बहुतेक पबांनी त्या भिंती पाडल्या. इथंही पाडली, छताला अजून तिचा पट्टा दिसतो.

बाबा "पब्लिक बार" लिहिलेल्या दारातून आत गेले. आत दोन्ही दारं एकाच खोलीत उघडतात, तरी ते बघून, ठरवून त्याच दारानं गेले.

आधी सोय. मग मी त्यांना खिडकीजवळ बसवलं आणि काउंटरला गेले. माझी पाळी येताच गल्ल्यावरच्या बाईनं छोटा ग्लास उचलला, दांड्याला हात लावला आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "यूज्वल, डार्लिंग?"

बाबांचं इंग्रजी कामापुरतं आहे. पण "ॲज यूज्वल" हे दोन शब्द त्यांनी तीस वर्षं लॉगबुकात लिहिले आहेत.

मी म्हटलं, नाही, आज दोन चहा. तिनं ग्लास जागेवर ठेवला, काहीतरी ओळखलं आणि पुढं एक अक्षर बोलली नाही. चहा आला: दोन जाड मग, पिशव्या आतच, दूध वेगळ्या छोट्या भांड्यात. टेबलाशी आले तर बाबा भिंतीवरच्या जुन्या फोटोंकडं बघत होते. मगात बघून म्हणाले, "बशी नाही?" आणि मग बराच वेळ काहीच नाही.

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांच्या कुत्र्यानं ती कोंडी फोडली. ते बाबांच्या बुटावर हनुवटी टेकून झोपलं. हे आजोबा रोजचे. मी त्यांना बरीच वर्षं ओळखते, म्हणजे कुत्र्याचं नाव ठाऊक आहे, त्यांचं नाही. पबातली ओळख अशीच असते. त्यांनी कुत्र्याबद्दल माफी मागितली, बाबांनी "नो प्रॉब्लेम" म्हटलं, आणि कुठून आलात, काय पाहिलंत, सुरू झालं. बाबांनी घराचं सांगितलं. आजोबांना ते घर माहीत होतं, पाटीही वाचलेली, पुढचं काही नाही. मग बाबांनी सांगितलं. शाळा, बसायचं वेगळं गोणपाट, न मिळालेलं पाणी, कोलंबिया, लंडन, राज्यघटना. मी मध्ये मध्ये दुभाष्याचं काम करत होते. बोलता बोलता त्यांनी दाराकडं बोट केलं, "टू डोअर्स. सेम थिंग."

आजोबा थोडं हसले आणि म्हणाले, मी लंडनचा नाही. त्यांचं बालपण बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमधलं. ओतकामाचे कारखाने, भट्ट्या आणि त्यात राबायला आलेले पंजाबी. पाळी संपली की भट्टीवरचे सगळेच तहानलेले, पण अनेक पबांत काळ्या-सावळ्या माणसाला ठरावीक खोलीतच बसू द्यायचे, काही ठिकाणी उंबराच ओलांडू द्यायचे नाहीत. बाहेर पाटी असायचीच असं नाही. गल्ल्यावरचा नुसता मान हलवायचा.

पुढचं थोडं मला आधी वाचून ठाऊक होतं. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जोहल स्वतः ओतकामगार. ते आणि त्यांचे साथीदार बर्मिंगहॅमच्या गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पबांत जायचे. आधी विद्यार्थी बिअर मागायचे, त्यांना मिळायची. मग हे मागायचे, यांना नाही म्हणायचे. मग सगळे मिळून जाब विचारायचे आणि परवाना नूतनीकरणाला येई तेव्हा हरकत घ्यायचे. 1965 च्या फेब्रुवारीत त्यांच्या बोलावण्यावरून अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले. ब्लू गेट्स नावाच्या पबमध्ये गेले, तिथल्या एका खोलीत त्यांनाही काही दिलं नाही. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला आणि सार्वजनिक जागी असं नाकारणं बेकायदा ठरलं.

"तुम्ही तेव्हा कुठं होतात?" बाबांनी विचारलं. मला हा प्रश्न भाषांतरित करायचा नव्हता. केला.

आजोबा म्हणाले, "आतच. वडिलांबरोबर बसलो होतो. मला तेव्हा ते चुकीचं वाटलं की नाही हेही आठवत नाही. ग्लास संपवला असणार."

बाबांनी मान हलवली. मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "चवदार तळं हाय हे." आणि आजोबांना स्वतःच्या इंग्रजीत महाड सांगितलं. नाइन्टीन ट्वेंटी सेव्हन, पब्लिक टँक, ॲनिमल्स अलाउड, वुई नॉट अलाउड. अडखळले नाहीत. शेवटी जरा थांबून, हिशेब जुळत नसल्यासारखे म्हणाले, "दे फॉट फॉर ड्रिंक. आय फॉट टू क्लोज द शॉप."

ते कसं, ते मला सांगावं लागलं. चंद्रपूर, मोर्चा, बंदी. एका अख्ख्या जिल्ह्यात दारूचं दुकान नाही, हे ऐकून गल्ल्यावरची बाईसुद्धा पुसायचं फडकं घेऊन जवळ आली. आपल्याकडं गावातल्या बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडायची सोय आहे, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते, अर्ध्याहून जास्त बायकांनी आडवीला मत दिलं की दुकान गेलं, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "माझ्या आईनं दिलं असतं." तिचे वडील कसे होते ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

"मग तुम्ही जिंकलात?" आजोबांनी विचारलं.

"सिक्स इयर्स," बाबा म्हणाले.

आजोबांनी ग्लास उंचावला. तेव्हा बाबांनी विचारलं की यात काय आहे. लाइम अँड सोडा. डॉक्टरांनी बिअर बंद केल्याला काही वर्षं झाली होती. तरीही रोज चार वाजता हा माणूस त्याच खुर्चीत असतो. बाबांनी ग्लास जवळ घेऊन चक्क वास घेतला. माझी मान खाली गेली, पण आजोबांना गंमत वाटली.

मला या पबबद्दल जे काही वाटतं ते त्या काउंटरपाशी उभं राहून वाटलेलं आहे. बसल्या जागी सगळं आलं असतं तर बाबा आणि ते आजोबा आपापल्या टेबलावर आपापला चहा-सोडा पिऊन निघून गेले असते. इथं प्रत्येकाला उठावं लागतं, सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं, आपली पाळी यायला दुसऱ्याची पाळी मानावी लागते. आणि ती पाळी सगळ्यांना मिळावी म्हणून कुणाला तरी परवाना कोर्टात भांडावं लागलं. पबवर लिहिणारे जुन्या लाकडाबद्दल, पितळी दांड्यांबद्दल, कोळशाच्या शेकोटीबद्दल हळवे होतात. मला त्या दारांवरची अक्षरं अधिक वाचण्यासारखी वाटतात.

या जागेचं मी कौतुकच करतेय असं वाटेल म्हणून हेही लिहिते: इथं दारूनं उद्ध्वस्त झालेली माणसं मी पाहिली आहेत, याच खोलीत. पाइंट सहा-सात पाउंडांना झालाय, म्हणजे ज्यांच्यासाठी "पब्लिक बार"चं दार होतं त्यांना आता दोन्ही दारं सारखीच बंद. आणि सामना असेल त्या दिवशी मी एकटी आत पाऊल टाकत नाही.

घरी चालत येताना बाबांनी कालव्याच्या पुलावर विचारलं, "ते यूज्वल काय असते?"

"अर्धा ग्लास बिअर."

"किती रोज?"

"रोज नाही. आठवड्यातून एकदा. कधी दोनदा."

"जावई?"

"तो एक पूर्ण घेतो."

"हं," बाबा म्हणाले. हा 2021 चा "हं" नव्हता, पण त्याचा भाऊ होता. रात्री जेवताना त्यांनी नातवाला बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवायला सांगितल्या. त्याला सात येतात. बाबांनी उरलेल्या म्हणून घेतल्या, दारूची जरा सावकाश.

पुढच्या रविवारी दुपारी तेच म्हणाले, "त्या कुत्र्यावाल्याकडं जाचं काय?" मी काही न बोलता कोट घातला. आजोबा होते, कुत्रं होतं. मी उठायच्या आत बाबा म्हणाले, "तू बस, मी आणतो," आणि काउंटरला गेले. मी बघत होते. दोन्ही हात लाकडावर ठेवून उभे राहिले. नोट हलवली नाही, हाक मारली नाही. बाईनं त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी डावीकडच्या एका पोरीकडं हात केला, "शी फर्स्ट." पोरीनं वळून आभार मानले. मग त्यांची पाळी.

परत आले ते दोन लाइम-सोडा घेऊन, एक आजोबांना, एक स्वतःला, आणि काखेत वेफर्सचं पाकीट. खाली बसले, पाकीट उलटं केलं, मागची शिवण नखानं उकलली आणि टेबलावर पसरलं.

"माझं?" मी विचारलं.

"तुझं तू आण. मी पेत नाही आणि इकतही घेत नाही."

आजोबांनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ते म्हणाले, हा राउंडचा उघड भंग आहे, पूर्वी यावरून भांडणं झाली असती. बाबांनी वेफर्स त्यांच्याकडं सरकवले. मी उठून काउंटरला गेले. माझ्या आधी तिघं होते.